लॉन काढा, सेवण लावा

जैसलमेरला वर्षाला जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस. सीमेवरच्या चौकीत आम्ही टँकरचं पाणी मगाने मोजून वापरायचो. मागे तळावर आलो की मेससमोरच्या लॉनवर मात्र रोज पाइप सुरू! आणि कुंपणाबाहेर सेवण गवत पाण्यावाचून उभं. मुळं खोल, वाळू धरून ठेवतं, गुरं खातात, माळढोक त्यातच अंडी घालतो.

माझं मत साधं आहे: लॉन उखडा, पावसाच्या तोंडावर सेवण लावा. गालिचा दिसणार नाही, उन्हाळ्यात पिवळं पडेल. पडू द्या.

निवृत्त होऊन माण-खटावात घर बांधणाऱ्या मित्रांनो, तुमच्या अंगणातही लॉन नको. आपलं मारवेल आहे की! पाण्याची किंमत फौजीला कुणी शिकवायला नको.