अपयशावर पोसलेला उद्योग

जानेवारी उजाडला की शहरोशहरी व्यायामशाळांच्या दारांवर सवलतींचे फलक झळकू लागतात. वर्षाची वर्गणी एकरकमी भरणाऱ्यास सूट, जोडीने येणाऱ्यास आणखी सूट आणि वर 'तीन महिन्यांत दहा किलो वजन कमी' करण्याची हमी. नववर्षाच्या संकल्पाने भारावलेला नोकरदार पैसे भरतो, पंधरा-वीस दिवस नेमाने जातो आणि मार्चअखेरच्या कामाच्या रगाड्यात त्याचे जाणे थांबते. वर्गणी परत मिळत नाही. आपल्यातच चिकाटी नाही, असे तो मनाशी म्हणतो आणि पुढल्या जानेवारीत पुन्हा पैसे भरतो. या प्रकाराकडे थट्टेचा विषय म्हणून पाहण्याची रीत आहे. परंतु त्यामागील अर्थकारण थट्टेवारी नेण्याजोगे नाही.

या नोकरदाराची गरज खोटी नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे आहेत. मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वडिलांचा मधुमेह पाहिलेला चाळिशीचा कारकून केवळ दिसण्याच्या हौसेपायी व्यायामशाळेची पायरी चढत नाही. त्यामागे भीती असते, आणि ती रास्त असते.

मग बाजारपेठ ही गरज का भागवू शकत नाही? चप्पल महिन्याभरात तुटली तर ग्राहक दुकान बदलतो, आणि वाईट माल विकणारा कालांतराने बाजूला पडतो. ही शिस्त एका गृहीतावर उभी असते. माल वाईट निघाला, हे ग्राहकाला कळले पाहिजे. वैद्यकीय सेवेच्या बाबतीत ते गृहीत कसे लंगडे पडते, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते. वजन घटविण्याच्या धंद्यात तर याहून विचित्र स्थिती आहे. येथे माल निकामी ठरला तरी ग्राहक दोष स्वतःकडे घेतो. साहजिकच विक्रेत्याला सुधारण्याचे कारण उरत नाही.

व्यायामशाळेची वर्गणी हे याचे स्पष्ट उदाहरण होय. अमेरिकेतील तीन व्यायामसंस्थांच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीचा डेलाविग्ना आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद सरासरी चारच वेळा येत असत. म्हणजे प्रत्येक खेपेस त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत, आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. माणूस आपल्या भावी उत्साहाचा अंदाज नेहमीच चढा बांधतो, आणि वार्षिक वर्गणी नेमकी त्या अंदाजावर बेतलेली असते.

आहारयोजनांची कथा निराळी नाही. झपाट्याने वजन उतरविण्याची स्पर्धा लावणाऱ्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांपैकी ४१ किलो परत चढले. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करीत होते. उपासमार झालेले शरीर स्वतःच्या बचावासाठी खर्च आवरते. 'इच्छाशक्ती कमी पडली' हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे ठरते. परंतु पुढची योजना विकण्यास तेच सोयीचे असते.

प्रथिनांच्या डब्यांविषयी काय सांगावे? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्या तपासल्या गेल्या. त्यांपैकी २५ डब्यांवरील प्रथिनांची नोंद चुकीची निघाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याच वर्षी अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला. तिच्या हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती मिळू शकतात.

कायदा नाही असे नाही. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु अन्न म्हणून विकला जाणारा डबा त्याच्या कक्षेत येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. तथापि स्वतःलाच गुन्हेगार समजणारा ग्राहक तक्रार करीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यायामशाळांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वर्गणी त्यामुळे थोडी उतरेलही, पण कराराच्या अटी त्याने बदलत नाहीत.

सर्वच प्रशिक्षक लबाड आहेत, असा याचा अर्थ नव्हे. व्यायाम निरुपयोगी आहे, असा तर मुळीच नव्हे. आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालणेही लाभदायक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी पैसा लागत नाही, वेळ आणि पदपथ लागतो. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्यापाशी या दोहोंची वानवा असते, आणि या दोन्ही गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. महाराष्ट्राला याची जाण पूर्वी होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली उभे राहिले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. ती परंपरा प्रामुख्याने पुरुषांची होती हे खरे, पण शरीरसंपदा ही समाजाने मिळून जपण्याची गोष्ट आहे, ही तिची भूमिका आजही मोलाची आहे.

वर्गणी महिन्याची असावी, न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळावेत आणि हमी देणाऱ्याने वर्षाअखेरचा निकालही जाहीर करावा, असे नियम करणे अवघड नाही. नगरपालिकांनी मैदाने राखावीत आणि शाळांनी खेळाचा तास गणिताला देऊ नये, ही अपेक्षाही अवाजवी नाही. तोवर जानेवारीतल्या त्या नोकरदाराने एवढे तरी जाणावे की, गेल्या वर्षी जे फसले त्याचा सगळा दोष त्याचा नव्हता. पैसे भरण्यापूर्वी गेल्या वर्षी किती सभासद डिसेंबरपर्यंत टिकले, हा प्रश्न त्याने फलकाखाली बसलेल्या माणसाला जरूर विचारावा.