मार्चची बिअर, सप्टेंबरात

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो सप्टेंबरात, आणि त्या मेळ्याची पारंपरिक म्हणवली जाणारी बिअर आहे 'मेर्त्सन', म्हणजे मार्चची! कॅलेंडरशी इतकं फटकून वागणारं दुसरं पेय मला माहीत नाही. कारण मात्र आपल्या लोणच्या-पापडांइतकं घरगुती आहे. हंगामात करून ठेवायचं आणि पुढे पुरवून पुरवून वापरायचं.

१५५३ साली बव्हेरियात फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात कुणी बिअर करायची नाही. उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची, शिवाय भट्ट्यांमुळे आगी लागायची भीती. म्हणून मार्चमध्ये शेवटचा घाणा निघे. ही बिअर जरा कडक, हॉप्सही जास्त, म्हणजे टिकावी. ती तळघरात ठेवायची, हिवाळ्यात तळ्यांतून कापून आणलेला बर्फ सोबतीला. तळघर गार राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, आणि त्या सावलीत लोक पिंप उघडायची वाट बघत बसू लागले. म्युनिकचे बिअर गार्डन असे जन्मले. शरद ऋतू आला की नव्या हंगामासाठी पिंपं रिकामी करावीच लागत, त्यामुळे मार्चची बिअर सप्टेंबर-ऑक्टोबरात संपवली जाई.

गेल्या सप्टेंबरात कामानिमित्त अमेरिकेत मिलवॉकीला होतो. सोबत आमच्या म्युनिक ऑफिसचा एक सहकारी. मिलवॉकी हे एकेकाळी जर्मनांनी भरलेलं शहर. पाब्स्ट, श्लिट्झ, मिलर, ब्लाट्झ ही सगळी बिअरवाली घराणी तिथलीच. संध्याकाळी आम्ही एका लहानशा क्राफ्ट ब्रुअरीत गेलो. फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'ऑक्टोबरफेस्ट, अस्सल पारंपरिक मेर्त्सन'.

ग्लास आला तो तांब्याच्या रंगाचा. नव्या, चिंचेने घासलेल्या तांब्याचा म्हणा. वर दोन बोटं फेस, पांढरा नव्हे, किंचित सायीच्या रंगाचा. नाक जवळ नेलं तर फळं नाहीत, फुलं नाहीत, भाजल्याचा वास. भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की तिच्या पापुद्र्याला जो खमंगपणा येतो, त्याच्या फार जवळचा. हा योगायोग नाही. जव भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवले की माल्ट होतो. म्युनिक माल्ट जरा जास्त उष्णतेवर वाळवतात. त्यात साखर आणि प्रथिनांची जी प्रक्रिया होते, तीच भाकरीच्या पापुद्र्यातही होते. जुन्या पद्धतीत आणखी एक खटाटोप असे. माल्ट आणि गरम पाण्याच्या लापशीतला काही भाग काढून वेगळा उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा. वेळखाऊ काम आहे. पण चवीला जी खोली येते ती त्यातून.

पहिला घोट गोड वाटतो. तिथेच घाई करू नये, कारण गिळल्यावर गोडी राहत नाही. हॉप्सचा हलका कडवटपणा तोंड साफ करून जातो आणि शेवट कोरडा होतो. मेर्त्सनची परीक्षा इथेच असते. खूप ब्रुअऱ्या रंगासाठी कॅरॅमल माल्टचा मारा करतात. मग पहिला घोट छान लागतो आणि अर्ध्या ग्लासावर पाक प्यायल्यासारखं होतं. या ग्लासात ते झालं नव्हतं. गार ठेवून काही आठवडे मुरवल्याची सफाई कळत होती. लागर या शब्दाचा अर्थच मुळी साठवण. एक तक्रार मात्र आहे. ग्लास इतका थंडगार दिला होता की पहिली दहा मिनिटं वास दबलेलाच होता. अमेरिकनांचं बर्फप्रेम, दुसरं काय!

सहकारी एका घोटानंतर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ही आमच्याकडे ऑक्टोबरफेस्टच्या मोठ्या तंबूंत आता मिळत नाही. ही माझ्या वडिलांच्या तरुणपणीची बिअर आहे."

गोष्ट खरी आहे. १९७० च्या दशकात पाउलानरने मेळ्यासाठी फिकी, सोनेरी बिअर काढली. लिटर-लिटरचे मग रिचवायचे तर पोटाला जड नको, असा सरळ हिशोब. हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. बव्हेरियात काही ब्रुअऱ्या मेर्त्सन अजून करतात, पण मेळ्यातली बिअर आज सोनेरी आहे. तांबूस ऑक्टोबरफेस्ट बिअर 'परंपरा' म्हणून मनापासून जपतात ते अमेरिकन क्राफ्टवाले.

आणि ही परंपरा तरी किती जुनी? मेळा सुरू झाला १८१० साली, राजपुत्र लुडविगच्या लग्नानिमित्त. तेव्हाची म्युनिकची बिअर गडद तपकिरी होती. १८३३ मध्ये म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या बघायला गेले, आणि पोकळ काठीतून चोरून नमुने घेऊन आले! (आजच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग.) तिथून माल्ट फिका आणि नीट वाळवण्याची रीत आली आणि बिअरचा रंग उजळला. १८७२ च्या कडक उन्हाळ्यात मेळ्यातली नेहमीची बिअर संपली, तेव्हा गाब्रिएलचा भाऊ योझेफ याची मार्चची बिअर जास्त दराने विकली गेली, असं सांगतात. लोकांना ती आवडली. म्हणजे मेर्त्सन मेळ्यात शिरली तीही नवी फॅशन म्हणूनच.

म्हणून "अस्सल कोण, म्युनिक की मिलवॉकी?" या वादात मला रस नाही. मला दुसरंच काही टोचत राहिलं. मिलवॉकीत एकेकाळी जर्मन वर्तमानपत्रं होती, नाटकं होती, शाळांत जर्मन शिकवत. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणं संशयाचं ठरलं आणि भाषा घरात, मग घरातूनही मागे सरली. १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं दारूबंदी होती. पाब्स्टने त्या काळात चीज विकलं. तेरा वर्षांची बंदी सोसून बिअर परतली. भाषा परतली नाही. ग्लास उंचावून "प्रोस्ट" म्हणणाऱ्या शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी माझा सहकारी उत्साहाने जर्मनमध्ये बोलायला गेला. आजोबांचं आडनाव पक्कं जर्मन, पण त्यांना त्या एका शब्दापलीकडे काही येत नव्हतं.

पुण्याचे नातेवाईक आमच्या बडोद्याच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आले की म्हणतात, "अय्या, तुमच्याकडे अजून हे सगळं करतात?" आम्हाला बरं वाटतं. तंजावरच्या मराठीत तर इकडे केव्हाच मागे पडलेली रूपं अजून ऐकू येतात. गाव सोडून गेलेले लोक जुनं घट्ट धरतात, हे खरंच. पण आमचा भाचा वाटली डाळ दोनदा मागून घेतो, आणि मागतो गुजरातीत. पन्हंही त्याला आवडतं. रेसिपी त्याने आईकडून इंग्रजीत लिहून घेतली आहे. हे मी सहकाऱ्याला सांगितलं, तर त्याने त्या आजोबांच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि आणखी एक प्रेट्झेल मागवला.

मेर्त्सनबरोबर प्रेट्झेल हवाच. मिठाने माल्टची गोडी उठून दिसते. आपल्याकडचं काही सुचवायचं तर खारे शेंगदाणे किंवा तव्यावर कडक केलेली भाकरी. मिसळीबरोबर मात्र नको, तिखटापुढे ती बिचारी हरवते.

निघताना सहकाऱ्याने चार कॅन घेतले, टी-शर्टमध्ये गुंडाळून म्युनिकला वडिलांसाठी न्यायला. माझी बॅग बडोद्याला यायची होती, आणि गुजरातची दारूबंदी तेरा वर्षांत संपलेली नाही. मी रिकामा ग्लास विकत घेतला.