छतावरचं लग्न

परवा मैत्रिणीचा वेडिंग अल्बम आला. एकदम ग्लॉसी! मी 'वॉव, वॉव' करत पानं उलटतेय, तर ही थंडपणे म्हणाली, "मोजलेत मी. अडीचशे फोटो, त्यात आम्ही दोघंच आहोत असे नऊ. बाकी लग्न आमच्या घराण्यांचं झालं बहुतेक!"

मला आठवलं व्हेनिसमधलं एक छत.

तिथे ग्रँड कॅनॉलच्या काठावर का रेत्सोनिको नावाचा महाल आहे. लुदोविको रेत्सोनिको आणि फाउस्तीना साव्होर्न्यान यांच्या लग्नानिमित्त 1757-58 च्या हिवाळ्यात जांबात्तिस्ता तिएपोलो या बड्या चित्रकाराने तिथलं एक छत रंगवलं. रोकोको स्टाइल, म्हणजे सगळं हलकंफुलकं, उजळ, तरंगणारं. मान वर करा, की छत गायब आणि आकाश हजर! कडेचे खांबसुद्धा रंगवलेलेच. सूर्यदेव अपोलोच्या रथात नवरा-नवरी बसलेत, पांढरे घोडे उधळलेत, कीर्तीदेवी तुतारी फुंकतेय. पुढे उडतोय क्यूपिड, डोळ्यांवर पट्टी बांधून. प्रेम आंधळं असतं ना!

पण खाली बघा. एक दाढीवाले आजोबा आहेत. हे म्हणे 'गुणवत्ता'. त्यांच्या हातात झेंडा आणि झेंड्यावर दोन्ही घराण्यांची चिन्हं. खरा फंडा इथे आहे. रेत्सोनिको मंडळींनी 1687 मध्ये चक्क पैसे मोजून व्हेनिसच्या उमरावांच्या यादीत नाव घातलं होतं. साव्होर्न्यान मात्र जुने खानदानी. म्हणजे विकत घेतलेल्या मोठेपणावर या लग्नाने पक्का शिक्का बसला. त्याच वर्षी जुलैमध्ये नवऱ्या मुलाचे काका पोप झाले, तेरावे क्लेमेंट. क्यूपिडच्या डोळ्यांवर पट्टी, पण घरच्यांचे डोळे सताड उघडे!

आणि एवढं करून? 1810 मध्ये रेत्सोनिको घराणंच संपलं. 1936 पासून महालात म्युझियम आहे. झेंड्यावरची चिन्हं कोणाची, हे आता गाइडला सांगावं लागतं. रथातले ते दोघं मात्र न सांगता कळतात.

मैत्रिणीला म्हटलं, "ते नऊ फोटो वेगळे काढून ठेव. तोच तुझा अल्बम."