नाव कशाक घातलंस?

वालावलला आमच्या घरामागे माडांची एक ओळ होती. 'होती' म्हणतोय, कारण त्यातले चार माड आता कर्ली नदीत आहेत. पहिला पडला तेव्हा बाबा म्हणाले, पावसाने पडला. दुसरा पडला तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. तिसरा आणि चौथा एकाच पावसाळ्यात गेले. खालची माती सुटलेली, मुळं उघडी. पाण्याला कुठेतरी खोल खड्डा मिळाला की ते काठ ओढून नेतं. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, नदीकाठी वाढलेल्या कुणालाही कळतं.

खड्डा कसा पडला तेही सगळ्यांना माहीत आहे. रात्री कानावर येतं ना. सूर्यास्तानंतर वाळू उपसायची नाही हा नियम, आणि आमच्याकडे मशीनचा आवाज सुरू होतो तो जेवणं आटोपल्यावर. पहाटे डंपर जातात. रस्त्यावर ओली वाळू सांडलेली असते, तीवरून आम्ही कॉलेजला, कामाला, बाजाराला जातो.

तर मी तक्रार केली. लेखी, सहीनिशी, फोटो जोडून. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण मुद्दा एका कार्यालयाचा नाही. सकाळी अर्ज दिला आणि संध्याकाळी घरी परतलो तर शेजारचे काका पायरीवर बसलेले. त्यांना कुणीतरी फोन केला होता. माझा अर्ज माझ्याआधी गावात पोचला होता.

"नाव कशाक घातलंस रे?" काका म्हणाले. "निनावी लिवचा मा! आणि वाळू काय तुझ्या बापाशीची?"

हे दोन प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाहीत. हा लेख म्हणजे काकांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी दुसरा प्रश्न. हो काका, वाळू माझ्या बापाचीच आहे. तुमच्या बापाचीही आहे. १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, जंगलं, समुद्रकिनारे ही सरकारची खाजगी मालमत्ता नव्हे; सरकार फक्त विश्वस्त आहे, मालक जनता. बेकायदा उपसा केला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ मध्ये आहे. कायदा नाही असं कुणी म्हणूच शकत नाही. कायदा ढीगभर आहे. मग माझे माड पाण्यात का?

याचं उत्तर मला घरामागे नाही, मालवणात सापडलं.

राजकोटचं तुम्हाला आठवत असेल. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, त्याची पायाभरणी १६६४ सालची. तोच वारा, तोच खारा पाऊस. तत्कालीन मुख्यमंत्री म्हणाले, वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता. मालवणी माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे त्या वाऱ्यात बायका वाळत घातलेले कपडे फक्त चिमटा लावून ठेवतात.

पुतळा पडायच्या सहा दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या कार्यालयातून नौदलाला पत्र गेलं होतं, की नटबोल्ट गंजलेत. म्हणजे कुणाला तरी दिसत होतं, कुणीतरी लिहिलंही होतं. पडल्यावर गुन्हा दाखल झाला, शिल्पकार आणि बांधकाम सल्लागार यांना अटक झाली. पंतप्रधानांनी पालघरला माफी मागितली. मे २०२५ मध्ये त्याच जागी ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. पण समारंभाची तारीख गाठायला ही घाई कुणी केली, कामावर देखरेख कुणाची होती, या प्रश्नांची उत्तरं मागणारे थकले. अटकेची शिडी काही पायऱ्या चढली आणि थांबली.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. २३ फेब्रुवारी २०२५, रविवार. भारत-पाकिस्तान सामना. एका भंगार व्यावसायिकाच्या अल्पवयीन मुलावर देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला. गुन्हा दाखल झाला. इथपर्यंत ठीक, आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवेल. पण दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेची यंत्रणा आली आणि त्या कुटुंबाचं पत्र्याचं दुकान पाडून गेली. स्थानिक आमदारांनी समाजमाध्यमावर प्रशासनाचे आभार मानले.

याच्या सव्वातीन महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले होते. नोटीस द्या, किमान १५ दिवस द्या, म्हणणं ऐकून घ्या, मग कारण लिहून आदेश काढा. कुणी आरोपी आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही. नियम मोडले तर अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायची. ज्या खंडपीठाने हा निकाल दिला त्याचे प्रमुख न्यायमूर्ती भूषण गवई, अमरावतीचे. निकाल दिल्लीतून निघाला, पण माणूस आपला, आणि मालवणपर्यंत तो पोचला नाही. मार्च २०२५ मध्ये त्या कुटुंबाच्या अवमान याचिकेवर न्यायालयाला नोटीस काढावी लागली.

मला माहीत आहे, इथे काही वाचकांचा अंगठा स्क्रीनवर थांबला असेल. "म्हणजे तू त्यांची बाजू घेतोस?" नाही. घोषणा दिली असेल तर त्याला कलम आहे, पोलीस आहेत, मूल असेल तर बाल न्याय मंडळ आहे. पत्र्याच्या शेडने घोषणा दिली नव्हती. "पण शेड अनधिकृत होती!" असेल. मग ती शनिवारीही अनधिकृतच होती. सामन्याआधी का दिसली नाही? आणि मालवण ते तारकर्ली रस्त्याने एकदा सावकाश जा, समुद्राच्या किती जवळ काय काय उभं राहिलंय ते मोजा. जेसीबीला तिकडचा रस्ता माहीत नाही का?

आणि ती नगरपरिषद त्या दिवशी कुणाची होती? लोकांनी निवडलेली नव्हती. मुदत संपून तीन वर्षं उलटली होती, कारभार प्रशासकाकडे. जिल्हा परिषदेचंही तेच, मार्च २०२२ पासून. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं राज्यघटना स्पष्ट सांगते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. रस्ता, पाणी, गटार यांचा जाब विचारायला तीन वर्षं वॉर्डात नगरसेवकच नव्हता, अशा गावात शेड मात्र एका दिवसात पडली.

आता हे तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. गंजाचं पत्र: सहा दिवसांत हालचाल नाही. वाळूची तक्रार: वर्षानुवर्षं हालचाल नाही. भंगाराचं दुकान: २४ तास. म्हणजे यंत्रणा सुस्त आहे हे आपलं लाडकं वाक्य खोटं आहे. यंत्रणा प्रचंड वेगवान आहे. प्रश्न फक्त कुणासाठी, एवढाच.

माझ्या मते भ्रष्टाचार म्हणजे हीच वेगाची विक्री. नोटांचं पाकीट हा त्याचा किरकोळ भाग. एकाची फाईल धावते, दुसऱ्याची झोपते, आणि ती कधी उठणार हे कायदा नाही तर माणूस ठरवतो. कायद्याचं राज्य संपतं ते एखाद्या मोठ्या घोषणेने नाही. ते असंच संपतं, वेळापत्रक बदलून.

इथे मला माझंही सांगायला हवं, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. चार चकरा झाल्या. पाचव्या वेळी 'चहापाणी' झालं आणि नोंद झाली. पैसे बाबांनी दिले, पण मी बाजूलाच उभा होतो, आणि बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं. मीही वेग विकत घेतला होता. आणखी एक. आमच्या घरावर नवीन स्लॅब पडला तेव्हा वाळू रात्रीच आली होती, पावतीशिवाय, स्वस्तात. ती कुठून आली हे मी विचारलं नाही. माझे चार माड कदाचित माझ्याच छपरात आहेत.

म्हणून "सगळे चोर" म्हणून रील पुढे सरकवणं मला आता जमत नाही. ते वाक्य चोरांना सगळ्यात आवडतं. सगळेच चोर असतील तर कुणालाच पकडायला नको.

करायचं काय? मोठं काही नाही माझ्याकडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. कार्यालयाने कुठली सेवा किती दिवसांत द्यायची याचा फलक लावायचा असतो. मुदत उलटली तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पाच हजारांनी कुणी बुडत नाही, पण तो त्याच्या नावावर पडतो. वारस नोंदीच्या वेळी मला हा कायदा माहीत नव्हता. आता पावती आणि पोच घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलत नाही.

आणि काका, आता तुमचा पहिला प्रश्न. नाव कशाक घातलंस?

आपल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा काय होतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ज्याची अडचण आहे तो समोर उभा असतो. त्याचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, मोठ्याने सांगितलं जातं. आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" निनावी गाऱ्हाणं मी आजवर ऐकलेलं नाही. देवासमोर आपण नावानिशी उभे राहतो, कारण मागे 'व्हय' म्हणणारे असतात. खिडकीसमोर मी एकटा होतो, म्हणून माझं नाव संध्याकाळपर्यंत धमकी होऊन परत आलं. पन्नास सह्या असत्या तर फोन कुणाकुणाला केला असता?

मी दुसरा अर्ज लिहिलाय. खाली माझं नाव आहे, त्याखाली आईने सही केलीय, बाबांनी थोडं थांबून केलीय. परवा काकांच्या पायरीवर कागद नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "रवांदे हंय. बगतंय."

कागद अजून त्यांच्याकडेच आहे. मशीन काल रात्रीही चालू होतं.