खिशातलं पत्र

दोस्तांनो, आईने पत्रात लिहिलेलं सगळंच आपण ऐकतो असं नाही, खरं ना? पण अमेरिकेतल्या एका मुलाने ऐकलं आणि तिथली राज्यघटना बदलली! मुलगा म्हणजे तुमच्याएवढा नव्हे हं. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न टेनेसी राज्याच्या विधिमंडळातला सर्वांत तरुण सभासद होता.

साल १९२०. स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारी घटनादुरुस्ती पक्की व्हायला ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. ३५ राज्यांची मिळाली होती. आता पाळी टेनेसीची. राजधानी नॅशव्हिलमध्ये जिकडेतिकडे गुलाब! दुरुस्तीच्या बाजूच्या लोकांच्या कोटावर पिवळा, विरोधकांच्या कोटावर लाल. हॅरीच्या कोटावर लालच होता. त्याच्या भागात विरोधक पुष्कळ आणि निवडणूक तोंडावर आलेली. बिचारा करणार काय?

१८ ऑगस्टला आधी 'हा विषय बाजूला ठेवावा का' यावर मतं घेतली. हॅरी विरोधकांबरोबर राहिला. ४८-४८! पुन्हा घेतली, तरी ४८-४८. मग मूळ ठरावच मताला टाकला. एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. बर्न हे नाव यादीत वरच होतं. हॅरी म्हणाला, "होय." आपण ऐकलं ते खरं का, हेच लोकांना कळेना! ठराव ४९ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला.

हॅरीच्या खिशात आईचं, फेबबाईंचं, सात पानी पत्र होतं. घरच्या गप्पा, पाऊसपाणी, आणि मध्येच लिहिलेलं, की तू कोणत्या बाजूचा ते मी पेपरात बघतेय, पण काही दिसत नाही. शहाण्या मुलासारखा वाग आणि बाजूने मत दे. फेबबाई चांगल्या शिकलेल्या. त्यांच्या शेतावरच्या निरक्षर कुळांना मत होतं, त्यांना मात्र नव्हतं!

हॅरीने लाच खाल्ली, अशी ओरड झाली. त्याने दुसऱ्या दिवशी सभागृहात सरळ सांगितलं, की मुलाने आईचं ऐकावं हेच बरं. (तो जमावाला भिऊन खिडकीतून पळाला असंही सांगतात. ते बहुधा मागाहून रचलेलं असावं.)

दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या स्त्रियांना मात्र नाना अटी घालून १९६५ च्या कायद्यापर्यंत अडवलं गेलं.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. हॅरी पुन्हा निवडून आला. या वेळी मतदारांत बायकाही होत्या.