मोटार, मांजर आणि नागरिक

गेल्या महिन्यांत आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, लिफ्टची दुरुस्ती या विषयांवर एकमत होण्यास जेथें वर्षें लागतात, तेथें एक ठराव मात्र पांच मिनिटांत मंजुरीच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपला. आवारांतील मांजरें मोटारींची नासधूस करितात, सबब तीं पोत्यांत घालून नदीपलीकडे नेऊन सोडावीं, असा तो ठराव. "पोत्यांत घालण्याची तरी यातायात कशाला?" असें एका सद्गृहस्थांनीं विचारलें आणि हंशा पिकला. त्या हंशाचा अर्थ न कळण्याइतके आम्ही भोळे नाहीं. आम्हीं विरोध केला. तो 'प्रोफेसरांचें भूतदयेवरील व्याख्यान' म्हणून थट्टेवारी नेण्यांत आला, व विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. ती सभा भरण्यापूर्वीं आमचें म्हणणें नीट मांडावें म्हणून हा लेख. सोसायटी आमची, शहर पुणें. परंतु ज्या आवारांत असा ठराव कधींच यावयाचा नाहीं, असें आवार आज महाराष्ट्राच्या कोणत्याहि शहरांत क्वचितच सांपडेल.

प्रथम प्रतिपक्षाचें जें देणें आहे तें चुकतें करूं. मांजर मोटारीचें कांहींच बिघडवीत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटला ऊब असते, आणि ऊब हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे अशी त्या जातीची दृढ समजूत आहे. धुळीनें माखलेल्या टपावर मांजराच्या पावलांचे ठसे उमटतात. उतरत्या काचेवरून पाय घसरला म्हणजे तें नखें बाहेर काढतें, आणि रंगावरील केसाएवढ्या जाडीच्या पारदर्शक थरावर ओरखडे उठतात. स्कूटरचें मऊ आसन तर नखें घांसण्यास त्याला आयतेंच मिळालेलें खोड! थंडीच्या दिवसांत पिलें इंजिनाच्या पोकळींत शिरून बसतात. गाडी सुरू होतांच जें घडतें, त्यांत गाडीचें नुकसान कमी आणि पिलांचें अधिक होतें. इतका आरोप आम्हांस मान्य आहे.

परंतु आवारांतील प्रत्येक ओरखडा मांजराच्या खातीं मांडण्याची जी वहिवाट पडली आहे, तिला मात्र आम्ही मान्यता देऊं शकत नाहीं. कारण तो अन्याय आम्हीं स्वतः केला आहे. दोन वर्षांपूर्वीं एके सकाळीं आमच्या गाडीच्या दोन्ही दारांवरून सरळ गेलेली एक लांब रेघ दिसली. आम्हीं क्षणाचाहि विचार न करितां मांजरांस दोष दिला, आणि त्यांस शिळी पोळी घालणाऱ्या पहारेकऱ्याच्या पत्नीस चारचौघांत बोल लावले. संध्याकाळीं आमच्या मुलीनें ती रेघ पाहिली व विचारलें, "बाबा, मांजराला एकच नख असतं का?" त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मांजराचे ओरखडे आंखूड, वांकडे आणि तीन-चार जवळजवळ असे असतात. ही रेघ एकटी, खोल आणि कमरेच्या उंचीवरून आंखल्यासारखी गेलेली होती. गॅरेजांतल्या रंगाऱ्यानें ती पाहतांच म्हटलें, "साहेब, हे किल्लीचं काम आहे." मग आम्हांस आठवलें कीं, आदल्या संध्याकाळीं घाईघाईंत आम्हीं गाडी पदपथावर चढवून लावली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस रस्त्यावर उतरून जाणें भाग पाडलें होतें. रेघ कोणीं ओढली हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. ती ओढणें गैर होतें, यांत शंका नाहीं. परंतु त्या दिवशींच्या दोन गुन्हेगारांत मांजर नव्हतें, आणि एक आम्हीच होतों. त्या बाईंची क्षमा मागण्यास आम्हांस चार दिवस लागले. हें लिहितांना लाज वाटते, पण लिहिणें प्राप्त आहे.

चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची ही बुद्धि आमच्या एकट्याची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण तिचा खरा प्रकार याहून गंभीर आहे. या शहरांत उभ्या वाहनांच्या कांचा कोयत्यांनीं आणि दांडक्यांनीं फोडल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. २०१५ च्या जून महिन्यांत तर सिंहगड रस्त्याच्या भागांत एका रात्रींत अनेक दुचाकी जाळण्यांत आल्या. आमच्याच गल्लींत गेल्या पावसाळ्यांत सहा गाड्यांचे आरसे फोडले गेले. कांच फुटल्याचा आवाज ऐकून दहा-बारा खिडक्यांतून दिवे लागले, आणि लागले तसेच मालवले. सकाळीं पोलीस आले तेव्हां कोणीं कांहींच पाहिलें नव्हतें. त्या अंधारांत डोळे मिटून बसलेले हेच सभासद मांजरांचा प्रश्न निघतांच कसे तडफेनें उठून उभे राहिले! कोयतेवाल्याविरुद्ध साक्ष देण्यास धैर्य लागतें. मांजराविरुद्ध ठराव करण्यास केवळ बहुमत पुरतें. आमचा खरा आक्षेप हाच आहे. आपल्या भित्रेपणास बंदोबस्ताचें नांव देऊन आपण तो दुबळ्याच्या अंगावर सोडीत आहों.

आतां उपायांचें पाहूं. गाडीच्या चाकाशीं तांबड्या पाण्याची बाटली ठेवण्याचा प्रघात गल्लोगल्लीं दिसतो. ज्या प्राण्यास तांबडा रंग आपल्यासारखा दिसतच नाहीं, त्यानें त्यास भ्यावें अशी ही अपेक्षा! फिनेल शिंपडणें हा दुसरा उपाय. मांजर अंग चाटून स्वच्छ करतें, आणि फिनेलसारखीं द्रव्यें पचवून टाकण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फारच थोडी असते. अर्थात् ही स्वच्छता नव्हे, सावकाश दिलेलें विष आहे. नदीपलीकडे नेऊन सोडणें हा तिसरा. कचऱ्याचीं उघडीं पिंपें जागींच राहिलीं तर रिकाम्या झालेल्या आवारांत दुसरीं मांजरें येतात, आणि नेऊन सोडलेलीं परक्या मुलखांत उपाशीं मरतात. चौथा उपाय हंशामागें दडलेला आहे. त्याविषयीं इतकेंच सांगतों कीं, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये पशूस विष घालून मारणें हा पांच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

मग गाडी रक्षावी कशी? उपाय साधे आहेत. त्यांत दोष एवढाच कीं, ते आपणांस स्वतः करावे लागतात. गाडीवर मऊ अस्तराचें आच्छादन घालावें, पण धूळ पुसल्यावर. धुळीवर घातलेलें आच्छादन मांजराहून अधिक ओरखडे काढतें. स्कूटरच्या आसनावर जाड कापड बांधावें. जिन्याखालीं एका खोक्यांत जुनें पोतें अंथरावें, म्हणजे उबेसाठीं बॉनेटच हवें असें उरत नाहीं. मांजरांची नसबंदी करून घ्यावी. वर्गणी काढल्यास तो खर्च एका गाडीच्या रंगकामापुढें डोईजड व्हावयाचा नाहीं. सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं बॉनेटवर दोन थापा माराव्या; तेवढ्यानें जीव वांचतात. आणि मनुष्याच्या उपद्रवासाठीं आवारांत पुरेसा उजेड ठेवावा, कॅमेरा बसवावा, दुसऱ्याची वाट अडेल तेथें गाडी लावूं नये, आणि कांच फुटल्याचा आवाज आला तर लागलेला दिवा मालवूं नये.

आमच्या राज्यघटनेंत १९७६ सालीं नागरिकांचीं मूलभूत कर्तव्यें समाविष्ट झालीं. त्या एकाच यादींत जीवमात्रांविषयीं दया बाळगावी असें एक कर्तव्य आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेचें रक्षण करून हिंसेचा त्याग करावा असें दुसरें आहे. घटनाकारांच्या मागून आलेल्या पिढीनें हीं दोन एकत्र ठेविलीं, त्यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें. ज्या आवारांत मांजर निर्भय असतें, तेथें बहुधा शेजारी जागे असतात. आणि शेजारी जागे असले म्हणजे मोटारहि सुरक्षित राहते.

पुढील सभेंत ठराव पुन्हा येईल. आम्हीं त्यास एक उपसूचना लिहून ठेविली आहे: मांजरांचा निकाल लावण्यापूर्वीं, आरसे फुटले त्या रात्रीं ज्यांच्या खिडकींत दिवा लागला होता, त्यांनीं काय पाहिलें तें सभेपुढें सांगावें. आमच्याहि खिडकींत त्या रात्रीं दिवा लागला होता. सांगण्याचा आरंभ आम्ही करूं.