बोलण्याची पदवी हवी, पण कोणाच्या भाषेत?

बारावी झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील परवा लोअर परळ स्टेशनबाहेर भेटले. मुलीला संवादशास्त्राची पदवी घ्यायची आहे आणि ते काही त्यांच्या गळी उतरत नव्हते. "सर, बोलायला तर आईनेच शिकवलं. मग तीन वर्षं फी कशाची भरायची?"

आईने बोलायला शिकवले, हे खरे. पण भरल्या सभेत उभे राहून प्रश्न विचारायला कोणी शिकवले? समोरच्याचे पूर्ण ऐकून मग त्याला खोडून काढायला कोणी शिकवले? मी बी.एड. केले, तेव्हा सूक्ष्म अध्यापनात प्रश्न विचारण्याचे कौशल्य काही मिनिटांत उरकले गेले. त्या शिदोरीवर मी मुलांना काय देणार?

म्हणून ही पदवी हवीच. माझे भांडण वेगळे आहे.

फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कार्यालये आली. अशाच एका कार्यालयातून माझी एक जुनी विद्यार्थिनी परत आली. कारण काय, तर 'कम्युनिकेशन वीक'. ही मुलगी घरी उर्दू, शेजारी मराठी आणि बाजारात हिंदी बोलते. तिन्हीकडे भांडते, समजूत काढते, हिशेब चुकता करते. तिचा संवाद कच्चा नाही, इंग्रजी कच्चे आहे. या दोन गोष्टी एकच मानणे ही निव्वळ फसवणूक आहे.

1914 साली अमेरिकेत वक्तृत्व शिकवणारे काही प्राध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. भाषण हे इंग्रजी विषयाचे शेपूट नाही, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी ज्यांची घरची भाषा, त्यांना हे शंभर वर्षांपूर्वी उमगले. आपण मात्र अजून ते शेपूटच धरून बसलो आहोत. मुंबई विद्यापीठाचे बीएमएम आता बीएएमएमसी झाले. तिथे पहिल्या वर्षी 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन', शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता. बोलणे ही तिथे नुसती पायरी आहे.

याच गिरणगावाने बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना, म्हणजे शाहीर अमर शेखांना, डोक्यावर घेतले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी मराठीतून मैदाने हलवली. विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. मग त्यांची कला लोककलेच्या कप्प्यातच का? संवादाच्या वर्गात ती का शिकवू नये?

दोष आपल्या समाजाचाही आहे. आपल्याकडे तकरीरीचे मुकाबले होतात. तकरीर उस्ताद लिहितात, मूल पाठ करते आणि आपण टाळ्या वाजवतो. बक्षीस मिळालेल्या मुलाला त्याच विषयावर एक प्रश्न विचारा, तो खाली बघतो. त्याला आपण आवाज दिला, मत दिले नाही. मुलींना तर आवाजही मोजून मापून.

त्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, "भाईजान, फी जरूर भरा. पण कॉलेजात आधी विचारा, माझी मुलगी वादविवाद उर्दूत, मराठीत करू शकेल का? नाही म्हणाले, तर 'का नाही?' हेही विचारा."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "मी नको. तिलाच विचारू दे."